फॉरवर्ड करण्याआधी : जीएम अन्न कसं तयार होतं आणि कसं ओळखतात

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



या शाळेत माझ्या हातात शेवटचा माइक आला होता तो पंधरा ऑगस्टच्या वक्तृत्व स्पर्धेत. दुसऱ्याच वाक्याला अडले आणि रडत खाली उतरले. आज तीस वर्षांनी पुन्हा उभी आहे, म्हणून कागद लिहून आणलाय. अडले तर सांभाळून घ्या.

संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरवर बोल, एआयवर बोल." मी म्हटलं, ते सगळे मोबाईलवर रोज ऐकतातच. मला द्राक्षांवर बोलायचं आहे. कारण द्राक्षांच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली आहे, आणि ज्याच्या बाबतीत झाली तो आपल्या वर्गातला आहे आणि आत्ता या हॉलमध्ये बसलेला आहे. त्याची परवानगी घेऊन सांगते. नाव मात्र सांगत नाही. तुम्ही ओळखालच.

आपल्या जालना जिल्ह्यात कडवंचीची द्राक्षं प्रसिद्ध आहेत. त्याच पट्ट्यात आपल्या या मित्राची तीन एकर बाग आहे. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी पुण्यातल्या आमच्या सोसायटीत त्याच्या द्राक्षांची नोंदणी करून दिली. दोन-दोन किलोच्या एकशेवीस पेट्या. शनिवारी गाडी यायची होती. त्या आठवड्यात मंगळवारी मला कुणीतरी एक मेसेज पाठवला : "बिनबियांची द्राक्षं, बिनबियांचं कलिंगड, मोठे पेरू हे सगळं जीएम आहे. मुलांना देऊ नका. फळावरच्या स्टिकरचा नंबर ८ने सुरू होत असेल तर लगेच फेकून द्या." मी घाईत होते. वाचला, आणि दोन ग्रुपवर पुढे ढकलला. आपल्या वर्गाच्या आणि सोसायटीच्या. वर लिहिलं, "वाचा, महत्त्वाचं आहे."

शुक्रवारपर्यंत एकशेवीसपैकी चौऱ्याऐंशी पेट्या रद्द झाल्या. लोक मला सांगत होते, "मॅडम, तुम्हीच तर पाठवलंत." गाडी तोपर्यंत भरली होती. त्याने ती उरलेली द्राक्षं मार्केट यार्डात मिळेल त्या भावाला दिली. मला एक शब्द बोलला नाही. आठ दिवसांनी मीच फोन केला, तेव्हा एवढंच म्हणाला, "अगं, माझ्या बागेत जीएम कुठून येईल? मला विचारायचं तरी."

मला विचारायचं तरी. हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कामावर माझ्या टीममधल्या मुलाने न तपासता कोड पुढे ढकलला तर मी त्याला धारेवर धरते. आणि मी स्वतः काय केलं? म्हणून वर्षभर सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं वाचलं. त्यातून जे नीट समजलं, ते आज सांगते.

आधी, जीएम म्हणजे काय नाही

आपल्या भागात हे समजावणं सोपं आहे, कारण बियाण्याचा धंदा आपल्या दारातला. महिको १९६४पासून जालन्यात आहे. त्यांच्या संस्थापकांना, बद्रीनारायण बारवाले यांना, १९९८ साली वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आया, मावश्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जायच्या. माझी मावशीही जायची. कपाशीच्या उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आदल्या दिवशी हाताने काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातला पराग तिच्यावर टेकवायचा. अशी हजारो फुलं. त्या बोंडातून जी सरकी निघायची ते संकरित बियाणं.

हे हायब्रिड. हे जीएम नाही. एकाच जातीच्या दोन वाणांचं लग्न लावलं, एवढंच. आणि द्राक्षं? बिनबियांच्या द्राक्षात बी धरायला सुरुवात होते, पण तिची वाढ मध्येच थांबते. हा निसर्गात आपोआप झालेला बदल आहे. बिनबियांची द्राक्षं माणूस शतकानुशतकं खातो आहे. आपल्याकडे ज्या थॉमसन सीडलेसच्या बागा आल्या, तिचं थॉमसन हे नाव एकोणिसाव्या शतकातलं आहे. डीएनए म्हणजे काय हे तेव्हा कुणाला माहीतही नव्हतं. 'तास-ए-गणेश' हा वाण याच थॉमसनमधून तासगाव भागात निवडला गेला. बी नाही म्हणून द्राक्ष काडीपासून लावतात, कलम करतात. मणी मोठा व्हावा म्हणून जीए देतात. जीए हे झाडात मुळातच असणारं संप्रेरक आहे. त्याने मणी फुगतो, जनुक बदलत नाही. बिनबियांचं कलिंगडही संकरातूनच येतं : गुणसूत्रांचे चार संच असलेलं झाड आणि दोन संच असलेलं झाड यांचा संकर केला की तीन संचांचं बी मिळतं. त्या झाडाच्या फळात बी नीट भरत नाही.

म्हणजे माझ्या त्या मेसेजमध्ये दिलेली तिन्ही उदाहरणं चुकीची होती.

स्टिकरचं म्हणाल, तर ८ने सुरू होणारे आकडे जीएम फळांसाठी एके काळी राखून ठेवले होते, पण ते दुकानात वापरात आलेच नाहीत. आणि ते आकडे मुळात दुकानदाराला बिल करायला सोपं जावं म्हणून असतात, आरोग्याचा इशारा म्हणून नाहीत.

मग जीएम कसं तयार होतं?

आपल्याच कपाशीचं उदाहरण घेऊ, कारण भारतात शेतात लावायला सरकारी परवानगी मिळून शेतकऱ्यांच्या हाती आलेलं जीएम पीक आजवर हे एकच आहे. २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाच्या पहिल्या तीन वाणांना मंजुरी मिळाली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरी कोरडवाहू कपाशी होती आणि वडील पाठीवर पंप घेऊन बोंडअळीवर फवारणी करायचे. संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याला येणारा वास मला अजून आठवतो.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस. मातीत राहणारा एक जीवाणू. तो एक प्रथिन तयार करतो. ते अळीच्या पोटात गेलं की तिथल्या अल्कधर्मी रसात विरघळतं, आतड्याच्या पेशींना चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते. आपल्या पोटात रस आम्लधर्मी असतो आणि त्या प्रथिनाला चिकटायला लागणारी जागा आपल्या आतड्यात नसते. हे प्रथिन कसं बनवायचं याची कृती त्या जीवाणूच्या एका जनुकात लिहिलेली असते. पहिल्या बीटी कापसातल्या त्या जनुकाचं नाव क्राय-१-एसी.

आता हे जनुक कपाशीत न्यायचं कसं? जीवाणू आणि कपाशी यांचं क्रॉसिंग माझ्या मावशीला सात जन्मात जमलं नसतं. इथे दुसरा एक जीवाणू कामाला येतो, ॲग्रोबॅक्टेरियम. तो निसर्गातच झाडांना गाठी आणतो, आणि त्यासाठी स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यातला रोगाचा भाग काढला आणि तिथे हवं ते जनुक बसवलं. टपाल दुसऱ्याचं, पत्र आपलं. काही पिकांत याऐवजी सोन्याच्या किंवा टंगस्टनच्या अतिसूक्ष्म कणांवर डीएनए लावून ते पेशींवर वेगाने मारतात.

हजारो पेशींपैकी अगदी थोड्यांत जनुक नीट बसतं. त्या पेशी ओळखून काचेच्या भांड्यात वाढवायच्या, त्यांची रोपं करायची, त्यातलं एक निवडायचं. कापसात हे काम आधी कोकर ३१२ या अमेरिकी वाणावर झालं. मग त्या झाडाचा आपल्या वाणांशी पिढ्यानपिढ्या पुन्हा पुन्हा संकर करून जनुक आपल्या वाणांत आणलं. म्हणजे शेवटी क्रॉसिंग आलंच.

एक गोष्ट माझ्या धंद्यातली म्हणून मला फार आवडली. नुसतं जनुक टाकून भागत नाही. "इथून वाचायला सुरुवात कर" आणि "इथे थांब" अशा दोन खुणाही डीएनएमध्ये लागतात. सुरुवातीची खूण म्हणून बऱ्याच जीएम पिकांत फ्लॉवरच्या पिकावर पडणाऱ्या एका विषाणूतला तुकडा वापरला आहे. त्याला ३५-एस म्हणतात. शेवटच्या खुणेला नॉस म्हणतात, ती ॲग्रोबॅक्टेरियमची. या दोन खुणा लक्षात ठेवा. जीएम ओळखताना त्यांचाच उपयोग होतो.

ओळखायचं कसं?

डोळ्यांनी ओळखता येत नाही. आकाराने नाही, चकाकीने नाही, चवीने नाही, किती दिवस टिकतं त्यावरूनही नाही. बीटी पऱ्हाटी आणि साधी पऱ्हाटी शेजारी लावली तर अळी पडेपर्यंत माझे वडीलसुद्धा फरक सांगू शकणार नाहीत.

२००१ साली गुजरातमध्ये नेमकं हेच झालं. बोंडअळीने शेतं खाल्ली आणि एकच वाण तग धरून उभा राहिला. त्याला मंजुरी नव्हती. पाहणाऱ्याला शंका येऊ शकते, पण त्यात बीटी जनुक आहे हे सिद्ध झालं ते तपासणीत. तपासणीच्या मुख्य पद्धती दोन.

पहिली पट्टीची. करोनाच्या घरगुती किटसारखीच. पान किंवा बी चुरडून द्रावणात घालायचं आणि त्यात पट्टी बुडवायची. नवीन प्रथिन असेल तर दोन रेघा, नसेल तर एक. शेताच्या बांधावर दहा-पंधरा मिनिटांत होते. पण पट्टी ज्या प्रथिनासाठी बनवली आहे तेवढंच ती दाखवते. आणि प्रथिन शिजवून, तळून बिघडलं की तिला काही सापडत नाही.

दुसरी पीसीआर. करोनाने हा शब्द घराघरात नेला. ही माझ्या भाषेत सांगायची तर "शोधा आणि प्रत काढा" अशी आज्ञा आहे. ३५-एस किंवा नॉसच्या दोन टोकांना जुळणारे डीएनएचे छोटे तुकडे टाकतात. नमुना सुमारे ९५ अंशाला तापवला की डीएनएच्या दोन पट्ट्या सुटतात, थंड केला की ते तुकडे आपापल्या जागी चिकटतात, ७२ अंशाला नवी प्रत तयार होते. प्रत्येक फेरीत दुप्पट. एका प्रतीपासून निघालात तर तीस फेऱ्यांनंतर किती? गणिताचे सर समोर आहेत म्हणून मी आधीच करून आणलंय : १०७ कोटींच्या वर. म्हणून शेकडा एकापेक्षा कमी भेसळही पकडता येते.

पण इथेही डोकं लावावं लागतं. ३५-एस सापडलं म्हणजे जीएमच, असं नाही. तो तुकडा मुळात फ्लॉवरवरच्या विषाणूचा. रोग पडलेल्या कोबी-फ्लॉवरमध्ये किंवा मोहरीत तो विषाणूच सापडला असेल. म्हणून पुढची तपासणी सांध्याची करतात : पिकाचा मूळ डीएनए जिथे संपतो आणि घातलेला तुकडा जिथे सुरू होतो, ती नेमकी जागा. प्रत्येक जीएम वाणात हा सांधा वेगळा असतो. तो सापडला की नुसतं "जीएम आहे" एवढंच नाही, तर कोणतं आहे हेही कळतं.

आणि काही ठिकाणी प्रयोगशाळाही हात टेकते. रिफाइंड तेलात डीएनए आणि प्रथिन जवळपास उरतच नाही. ते तेल बीटी सरकीचं आहे की साध्या, हे तेल तपासून खात्रीने सांगता येत नाही. म्हशीने बीटी सरकीची ढेप खाल्ली होती का, हे दूध तपासून सांगता येत नाही. अशा वेळी उपयोगी पडतो तो कागद : बियाण्याचं बिल, पिशवीवरचा लॉट नंबर, माल कुठून कुठे गेला याची नोंद.

आपण कशाबद्दल बोललो आणि कशाबद्दल नाही

गंमत बघा. आपल्या ग्रुपवर द्राक्षांवरून तीन दिवस चर्चा चालली. पण भारतातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटीखाली आहे. त्याची सरकी तेलाच्या घाण्यात जाते. ते तेल फरसाणात, नमकीनमध्ये, काही घरांत रोजच्या फोडणीत असतं. ढेप जनावरांना जाते. परदेशातून येणारं कच्चं सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलचं, आणि तिथलं सोयाबीन बहुतेक सगळं जीएम. म्हणजे ज्यात जीएम नाही त्याला आपण घाबरलो, आणि ज्याचं मूळ जीएम आहे त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. मीही नाही.

हे खाऊ नका असं मी सांगत नाही. आंतरराष्ट्रीय बाजारात आज असलेल्या जीएम अन्नाची सुरक्षिततेची तपासणी झालेली आहे आणि त्यापासून आरोग्याला धोका संभवत नाही, पण प्रत्येक नवं पीक स्वतंत्र तपासलं पाहिजे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मला ते पटतं. पण आपण काय खातो हे कळण्याचा हक्क वेगळा, आणि तो मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. १ जानेवारी २०१३पासून आपल्या वेष्टनांच्या नियमात जीएम अन्नाच्या पाकिटावर वर 'जीएम' लिहिण्याची तरतूद आहे. आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरातली पाकिटं बघा, किती सापडतात. १ मार्च २०२१पासून २४ पिकांचा माल आयात करताना तो जीएम नसल्याचा दाखला लागतो आणि चुकून झालेली भेसळ एक टक्क्यापर्यंत चालते. युरोपात लेबल न लावता चालणारी अशी मर्यादा ०.९ टक्के आहे.

शेतकऱ्याच्या बाजूनेही एक सांगते. बीटी आल्यावर आमच्या घरी सुरुवातीची काही वर्षं बोंडअळीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या. वडिलांच्या सदऱ्याचा वास गेला. पण गुलाबी बोंडअळी हळूहळू त्या प्रथिनाला सरावली, आणि २०१७च्या हंगामात तिने आपल्याकडच्या कपाशीचं काय केलं हे इथल्या अर्ध्या लोकांनी स्वतःच्या शेतात पाहिलंय. शेताच्या कडेला बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायच्या असतात, म्हणजे सरावलेल्या अळ्यांची संख्या लवकर वाढत नाही. त्यासाठी वेगळं पाकीट मिळायचं. किती जणांनी ते पेरलं? आम्ही नाही. आणि आता तणनाशक सहन करणारं, मंजुरी नसलेलं 'चोर बीटी' बिलाशिवाय विकलं जातं. ते उगवलं नाही तर शेतकऱ्याने दाद कुठे मागायची? हातात कागदच नाही. ओळख पटवणं ही फक्त शहरातल्या ग्राहकाची गरज नाही, ती बी विकत घेणाऱ्याची जास्त आहे.

पुढचा पेपर याहून अवघड आहे. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१०मध्ये स्थगिती मिळाली, शेजारच्या बांगलादेशात मात्र ते २०१४पासून शेतात आहे. आणि मे २०२५मध्ये आपल्या देशाने जीनोम-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांत बाहेरचं जनुक ठेवलेलं नाही, भाताच्याच जनुकात बारीक दुरुस्ती केलेली आहे. तिथे ३५-एस आणि नॉस शोधून काही हाती लागणार नाही. तिथे कागदाचीच भिस्त जास्त.

शेवटचं

विज्ञानाच्या बाई आपल्याला प्रयोगवहीत तीन मथळे लिहायला लावायच्या : निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष. अनुमान न लिहिता निष्कर्षावर उडी मारली की लाल शाईने पान भरायचं. बाई, तीस वर्षांनी पुन्हा तेच पान तुमच्यापुढे ठेवते.

आता असा मेसेज आला की मी तीन प्रश्न विचारते. कोणतं पीक? त्या पिकाचा जीएम वाण बाजारात आहे का? आणि हे कुणी, कोणत्या तपासणीने ओळखलं? तिन्हीची उत्तरं नसतील तर मेसेज माझ्यापाशीच थांबतो. आणि त्या पिकाचा शेतकरी ओळखीचा असेल तर चौथा प्रश्न त्याला फोनवर.

सोसायटीच्या ग्रुपवर मी माझी चूक लिहिली. माफी मागितली. या वर्षी नोंदणी एकशेवीसवर गेली नाही, सत्त्याण्णव झाली. तेवीस घरं अजून परत आलेली नाहीत. मी एका मिनिटात पाठवलेला मेसेज खोडायला मला वर्ष पुरलेलं नाही.

मित्रा, तू मागच्या रांगेत बसला आहेस. त्या दिवशी तुला विचारायचं राहिलं. सगळ्यांसमोर तुझी माफी मागते.

आणि बाकीच्यांसाठी : बाहेर जेवणाच्या टेबलाशेजारी त्याने आजच सकाळी तोडलेली द्राक्षं आणली आहेत. बिनबियांची. चाखून बघा, आवडली तर पेटी घ्या. फुकट मागू नका, वर्गमित्र असलात तरी. आणि बिल नक्की मागून घ्या.